भुसा, बॅटरी आणि आमचं गोंदिया

गेल्या दिवाळीत घरच्या ग्रुपवर चुलतभावाने एक बातमी ढकलली. 'धानाच्या भुशापासून बॅटरी, शेतकऱ्यांना येणार सोन्याचे दिवस' असा काहीसा मथळा होता. खाली लगेच टाळ्या, फटाके वगैरे चित्रांचा पाऊस. काकाजींनी मात्र एकच ओळ लिहिली : "मंग आमाले का भेटन यातून?"

काकाजींनी आयुष्यभर धान लावला, कापला, चुरला आणि विकला, त्यामुळे हा प्रश्न विचारायचा अधिकार त्यांच्याएवढा दुसऱ्या कुणाचा नाही. ग्रुपवर त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. मी रसायनशास्त्र शिकलेला, पोटापाण्यासाठी पुण्यात येऊन राहिलेला माणूस. मला हा विषय थोडाफार कळतो आणि गावही कळतं, म्हणून हा लेखनप्रपंच. जरा लांबेल. चहा घेऊन बसा.

आधी गोंदियाबद्दल, कारण बऱ्याच जणांना ते हावडा-मुंबई मार्गावरचं एक जंक्शन म्हणूनच माहीत असतं. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. वैनगंगा, बाघ, चुलबंद या नद्या, इटियाडोहचं पाणी, आणि नजर जाईल तिथपर्यंत धानाच्या बांध्या. आम्ही पिकाला धान म्हणतो आणि शिजल्यावर भात. पुण्यात आल्यावर कळलं की इकडे शेतातसुद्धा भातच असतो! शहराच्या आसपास राइस मिलच राइस मिल. त्यांच्या मागच्या अंगाला सोनेरी-पिवळे डोंगर दिसतात तो भुसा. शुद्ध मराठीत तूस. (कोंडा वेगळा. कोंड्यातून तेल निघतं, त्याला आधीपासूनच भाव आहे.)

शंभर किलो धान भरडला की सरकारी हिशेबाने ६७ किलो कच्चा तांदूळ परत द्यावा लागतो, उसना असेल तर ६८. भुसा साधारण २० किलो निघतो. उरलेला कोंडा आणि घट.

आता बॅटरीत या भुशाचं काय काम?

तुमच्या मोबाइलमधल्या लिथियम-आयन बॅटरीची एक बाजू ग्रॅफाइटची असते, म्हणजे शिसपेन्सिलीतलं ते काळं. पापडांची चळत रचावी तसे कार्बनचे थर एकावर एक बसलेले असतात आणि चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन त्या थरांमध्ये जाऊन बसतात. गंमत म्हणजे सोनीने १९९१ साली पहिली व्यापारी लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली तेव्हा तिच्यात ग्रॅफाइट नव्हतं, दुसऱ्या जातीचा, कमी शिस्तीचा कार्बन होता. ग्रॅफाइट नंतर आलं आणि त्याने सगळं मैदान मारलं. ते बॅटरीजोगं करण्याचं काम जगात मुख्यतः चीनमध्ये चालतं. डिसेंबर २०२३ पासून चीनने काही प्रकारच्या ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला, तेव्हा बाकीच्या देशांची झोप उडाली.

दुसरीकडे लिथियमऐवजी सोडियम वापरण्याची धडपड चालली आहे. सोडियम म्हणजे मिठातला, त्याला तोटा नाही. पण तो ग्रॅफाइटमध्ये धड शिरत नाही. सगळीकडे याचं कारण 'सोडियमचा आयन मोठा असतो' असं दिलेलं वाचायला मिळतं. मला हे स्पष्टीकरण कधीच पटत नाही, कारण पोटॅशियमचा आयन सोडियमहूनही मोठा, आणि तो ग्रॅफाइटमध्ये खुशाल जाऊन बसतो. खरी गोष्ट अशी, की सोडियम आणि ग्रॅफाइटचं जुळतच नाही, एकत्र राहण्यात दोघांचा ऊर्जेचा फायदा नाही. असो. नात्यागोत्यातही अशा जोड्या असतात.

सोडियमला लागतो तो हार्ड कार्बन. याची मुळं १९५१ पर्यंत जातात. डीएनएच्या छायाचित्रामुळे आपल्याला माहीत असलेल्या रोझलिंड फ्रँकलिन यांनी त्या आधी कोळशावर काम केलं होतं. काही पदार्थ खूप तापवले की त्यांचं ग्रॅफाइट होतं, आणि काही पदार्थ ३००० अंशांपर्यंत नेले तरी होत नाही, हे त्यांनी त्या साली मांडलं. साखर, लाकूड, करवंटी या दुसऱ्या गटातल्या. त्यांच्यातले थर चळतीसारखे नीट बसत नाहीत, वाकडेतिकडे एकमेकांना टेकून राहतात आणि मध्ये पोकळ्या राहतात. २००० साली कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या स्टीव्हन्स आणि डान या दोघांनी ग्लुकोज जाळून असा कार्बन केला आणि त्यात सोडियम भरून दाखवला, ग्रॅममागे सुमारे ३०० मिलीअँपिअर-तास. ग्रॅफाइटमध्ये लिथियमचा सैद्धांतिक आकडा ३७२ आहे, म्हणजे हा फार मागे नाही. या रचनेला त्यांनी नाव दिलं 'पत्त्यांचा बंगला'. आपल्याकडे पत्त्यांचा बंगला कोसळण्यासाठीच असतो, इथे मात्र त्याच्या पोकळ्यांवरच सगळा कारभार चालतो.

म्हणजे झाडापासून आलेलं जवळपास काहीही, हवा लागू न देता तापवलं तर, उमेदवार ठरू शकतं. जपानची कुरारे कंपनी वनस्पतिजन्य हार्ड कार्बन विकतेच. आणि आपल्याकडे म्हणाल तर पुण्यातच, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांपासून केलेल्या कार्बनवर निबंध प्रसिद्ध केला. ते काम सुपरकपॅसिटरसाठी होतं, म्हणजे झटकन भरणारं आणि झटकन रिकामं होणारं बॅटरीचं भावंड. पुढे ओगले आयसर पुण्यात काम करत असताना, त्यांच्या गटाच्या साथीने केपीआयटी या पुण्याच्या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. रिलायन्सने तर २०२१ च्या शेवटच्या दिवशी इंग्लंडची फॅराडियन ही सोडियम-आयनवाली कंपनीच विकत घेत असल्याची घोषणा केली होती. तर सांगायचा मुद्दा, ही निव्वळ हवेतली गोष्ट नाही. पायाखाली पडलेल्या पानापासून कंपनीच्या दारापर्यंतची वाट आपल्याच राज्यात कुणीतरी चालून दाखवली आहे.

आता भुशाकडे येऊ. भुशात एक अडचण आहे, आणि बातमीवाले ती कधी सांगत नाहीत. धानाचं झाड मातीतून सिलिका ओढून घेतं आणि ती भुशात साठवतं, दाण्याला चिलखत म्हणून. भुसा जाळला की शेकडा १५ ते २० किलो राख उरते आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग निव्वळ सिलिका, वाळूचीच बहीण. मिलच्या धुराड्यातून उडून दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते ना, तीच. आईने त्या राखेला घातलेल्या शिव्या मला अजून आठवतात. सोडियमच्या बॅटरीत ही सिलिका नको असते, ती नुसतं वजन वाढवते. काढायची तर कॉस्टिक सोड्यात शिजवावी लागते. करवंटीत राख नगण्य, बांबूतही फार कमी. त्यामुळे नुसत्या हार्ड कार्बनच्या शर्यतीत भुसा पायात बेडी घालून उतरतो हे आधी मान्य करायला हवं.

पण हीच सिलिका दुसऱ्या बाजूने कामाची ठरते. २०१३ सालीच दोन वेगवेगळ्या गटांनी, अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये यी सुई यांच्या आणि दक्षिण कोरियात काइस्टमधल्या संशोधकांनी, भुशातली सिलिका मॅग्नेशियमच्या मदतीने सिलिकॉनमध्ये बदलली आणि लिथियम बॅटरीत वापरली. सिलिकॉन ग्रॅफाइटच्या जवळपास दहापट लिथियम धरतो. खोड एवढीच की लिथियम पोटात गेल्यावर तो तिपटीहून जास्त फुगतो आणि थोड्याच दिवसांत फुटून भुगा होतो. भुशातली सिलिका मात्र मुळातच अतिसूक्ष्म कणांची आणि सच्छिद्र. तिच्यातून केलेल्या सिलिकॉनलाही तशीच जागा मिळते, फुगला तरी फुटत नाही. झाडाने स्वतःच्या सोयीसाठी केलेली बांधणी माणसाने फुकटात उचलली.

इथवर बातमी खरी. आता काकाजींचा प्रश्न.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा कळायला पुरेसे आहेत. सोडियम-आयनच्या १ किलोवॅट-तास क्षमतेला, म्हणजे वीजबिलातल्या एका युनिटला, साधारण सव्वा किलो हार्ड कार्बन लागेल असं धरू. शंभर किलो भुशातून राख धुऊन आणि सगळा धूर जाऊन पंधरा किलो कार्बन हाती लागला तर आनंद मानायचा. म्हणजे एका युनिटच्या बॅटरीला आठ-सव्वाआठ किलो भुसा, म्हणजेच चाळीस किलो धान. एक कट्टा! घरातल्या इन्व्हर्टरची नेहमीची १५० अँपिअर-तासाची बॅटरी घेतली तर तेवढ्या क्षमतेला दोन कट्ट्यांचा भुसा पुरतो.

ऐकायला फारच छान वाटतं. पण हाच हिशेब उलटा करून बघा. ताशी ४ टन धान भरडणारी एक मिल दहा तास चालली तर ८ टन भुसा निघतो. त्यातून रोज पाचशेच्या वर इन्व्हर्टरांचा कार्बन. एका मिलमधून! आता देशाचं बघू. २०२३-२४ मध्ये भारतात १३७८ लाख टन तांदूळ झाला. म्हणजे भुसा चार कोटी टनांच्या घरात. उद्या देशात वर्षाला शंभर गिगावॅट-तासांच्या, म्हणजे दहा कोटी युनिटांच्या सोडियम बॅटऱ्या बनायला लागल्या (हे फार मोठं स्वप्न आहे) आणि त्या सगळ्यांचा कार्बन फक्त भुशातूनच आला, तरी एकूण भुशातला दोन टक्के लागेल. दोन!

म्हणून बॅटरीमुळे भुशाचा भाव वधारेल आणि तो धानाच्या भावात उतरेल, ही आशा सोडून दिलेली बरी. शिवाय भुसा शेतकऱ्याचा असतो कुठे? आधारभूत किमतीने घेतलेला धान खरेदी केंद्राच्या काट्यावरून भरडाईला जातो आणि भुसा मिलवाल्याकडे राहतो. आणि तो 'कचरा'ही नाही. उसन्या तांदळाच्या मिलचा बॉयलर त्याच्यावर चालतो, वीटभट्टीवाले नेतात. २०२१ च्या धोरणात केंद्राने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात साधारण ५ टक्के बायोमासच्या कांड्या मिसळायला सांगितलं, त्यामुळे शेतातल्या असल्या मालाला आणखी एक गिऱ्हाईक तयार झालं. आपल्याच तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं कोळशावरचं वीजकेंद्र उभं आहे. तेव्हा 'फुकट पडलेला भुसा' म्हणणाऱ्याने एकदा मिलवर जाऊन भाव विचारावा.

मग पैसा कुठे आहे? भट्टीत. कच्चा कोळसा आणि १२००-१३०० अंशांवर ऑक्सिजनशिवाय भाजलेला, ठरलेल्या मापाच्या कणांचा, प्रत्येक पोत्यात तंतोतंत सारखा हार्ड कार्बन यांच्यात जो फरक आहे, सगळी कमाई त्या फरकात. आणि इथे मला आमच्या तेंदूपानाची गोष्ट आठवते. मे महिन्याच्या उन्हात पहाटे उठून पानं तोडणारे हात सालेकसा-देवरी-अर्जुनीचे. भाव ठरवणार कंत्राटदार. पिढ्यान् पिढ्या असंच चाललं. वनहक्क कायदा २००६ चा, पण गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी स्वतः पानाचा व्यवहार हातात घेतला तो २०१३ च्या सुमारास. तोवर पान इथलं आणि हिशेब दुसऱ्याचा. भुशाचं तसंच होऊ नये असं मला फार वाटतं, आणि आत्ता काही हालचाल केली नाही तर तसंच होणार याचीही खात्री वाटते.

म्हणून 'गोंदियात बॅटरीचा कारखाना आणा' या मागणीत मला रस नाही. ती निवडणुकीच्या भाषणात शोभते. गोंदियाने मधली पायरी मागावी.

भुसा अतिशय हलका, एका घनमीटरला शंभर-सव्वाशे किलोच भरतो. ट्रकभर भुसा पुण्याला न्यायचा म्हणजे ट्रकभर हवा नेण्यासारखं आहे. तो मिलच्या मागेच पाचशे-सहाशे अंशांवर भाजला तर वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं. आणि भाजताना जो वायू सुटतो तो जळतो! भुशातला साठ टक्क्यांहून जास्त भाग असा उडून जाणारा असतो. तो वायू बॉयलरखाली जाळला तर उसन्याची वाफही निघेल आणि राखेऐवजी हातात कोळसा राहील. बॉयलरचा भुसा बॅटरीने पळवला म्हणून मिलवाला पुन्हा दगडी कोळसा जाळायला लागला, असं झालं तर या सगळ्या हिरव्या गप्पांना काय अर्थ? ही जोडभट्टी जमली तरच माझा या प्रकाराला पाठिंबा. वरच्या १३०० अंशांच्या, नायट्रोजन-आर्गॉन लागणाऱ्या भट्ट्या महाग असतात, त्या सुरुवातीला पुण्यात असल्या तरी चालतील.

धुण्याचं मात्र वेगळं आहे. सिलिका धुतलेलं पाणी कडक अल्कधर्मी असतं. त्यातून सोडियम सिलिकेट वेगळं काढता येतं, ते साबणापासून कितीतरी ठिकाणी खपतं. पण वेगळं काढायचा खर्च वाचवून ते पाणी रात्री नाल्यात सोडणारे लोकही असतात, आणि नाला शेवटी वैनगंगेलाच मिळतो. धुण्याची टाकी गावात येणार असेल तर सिलिकेट काढायची सोय आधी, मग टाकी. या बाबतीत मी अजिबात ऐकून घेणार नाही, ग्रुपवर कितीही भांडा.

रोजगार किती? फार नाही. अशा एका भट्टीवर पाळ्या धरून दहा-पंधरा माणसं, माझ्या अंदाजाने. पण त्यातली काही आयटीआय झालेली पोरं असतील, आणि आत्ता ती नागपूर-पुण्याच्या गाड्या पकडतात. काकाजी, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच आहे. धानाला जास्त भाव नाही, पण कदाचित नातवाला गोंदियातच काम. आणि मिलवाल्यांच्या सोबतीने शेतकऱ्यांच्या सोसायट्यांनी भट्टीत भागी घेतली, तर वर्षाकाठी थोडा लाभांश. ही भागी आत्ता, भट्टी बांधायच्या आधी मागायची असते.

भावाची स्वतःची मिल आहे, त्याला एक काम सांगितलं आहे. बॅटरीवाले उद्या दारात आले तर पहिला प्रश्न विचारतील, तुमच्या भुशात राख किती आणि ती दर खेपेला तेवढीच असते का? वाण बदलला, माती बदलली, खरिपाचा की उन्हाळी धान हे बदललं, की सिलिकाही बदलते. हे आकडे त्याच्याकडे नाहीत. तेव्हा कच्च्याचा आणि उसन्याचा भुसा वेगळा ठेवायचा, दर पंधरा दिवसांनी एकेक किलोचा नमुना काढायचा, वर वाण, गाव आणि तारीख लिहायची. राख मोजायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक छोटी विजेची भट्टी आणि नीट तोलणारा काटा पुरतो, म्हणजे कुठल्याही विज्ञान महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात होण्यासारखं आहे. गोंदियात धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आहेच. एम.एस्सी.च्या दोन मुलांचा प्रकल्प झाला. तीन हंगामांचे नमुने जमले की बोलणी करायला बसताना हातात काहीतरी असेल. भाऊ म्हणाला, "नमुने ठेवतो, पण उंदीर लय आहेत गोदामात." त्याला म्हटलं, बरणीत ठेव.